तळहातावरची नावं

आमच्या घरात पत्ता खरा सांगायची पद्धत नव्हती. वडील जालन्याकडच्या दुष्काळात मुंबईला आले, गोदामात हमाली धरली आणि मानखुर्दला एका खोलीत पाच माणसांचा संसार थाटला. पाणी दोन गल्ल्या सोडून. आई चेंबूरला चार घरची भांडी घासायची. कुणी विचारलं तर दोघंही सांगायचे, "चेंबूरच्या जरा पुढे." मानखुर्द म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची थोडी मागे घेतो, आणि आडनाव कळलं की आणखी थोडी, हा त्यांचा अनुभव. ती पद्धत मी शाळेत असतानाच उचलली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणीने मला गोरेगावच्या एका हॉलमध्ये गेमिंग कन्व्हेन्शनला नेलं. तिच्या घरी तिच्या भावाला हरवून हरवून माझा हात बसला होता. आत शिरले आणि दारातच थबकले. पाठीला पंख लावलेली एक मुलगी तिरपी होऊन आत येत होती आणि चौघी तिचे पंख नवरीच्या शालूसारखे सांभाळत होत्या. कुणी राक्षस, कुणी रोबो, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. सगळेच इथे दुसरे कुणीतरी होते. मला वाटलं, ही आपली जागा. मी 'घोस्ट सेव्हन' नाव घेतलं आणि लढतीच्या गेमच्या स्पर्धेत उतरले.

तिथे मोहन घाडी भेटले. ते घाटकोपरचे लाऊडस्पीकरवाले. वडील गिरणीत, गाव कणकवलीकडे. गणपती असो, लग्न असो, कबड्डीचे सामने असोत, कर्णे त्यांचेच. कन्व्हेन्शनला ते फक्त वायरी जोडायला आले होते. पण इंग्रजीत निवेदन करणारा मुलगा आलाच नाही आणि आयोजकांनी घाबरून माइक घाडीकाकांच्या हातात दिला. काकांनी आयुष्यात हा गेम पाहिला नव्हता. त्यांनी रुमालाने माइक पुसला, खिशातून बॉलपेन काढलं आणि खेळणाऱ्यांसमोर डावा तळहात पसरून उभे राहिले.

"नाव?"

"घोस्ट सेव्हन."

"घोस्ट म्हणजे भूत ना गो? भुताक हाक मारूची नसता. खरं नाव सांग. बापाचं सांग, राहतेस कुठे ते सांग. नाव अर्धं घेतलं तर माणूस अर्धाच येतो."

रागावले की काका मालवणीत जात आणि लगेच परत येत. मी हळूच म्हणाले, "सुजाता. चेंबूर."

"बापाचं? आडनाव?"

"तेवढंच लिहा ना काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेवढंच लिहिलं.

त्या दिवशी त्यांनी जे निवेदन केलं ते ऐकायला शेजारच्या स्टॉलवरची माणसं धंदा सोडून आली. पडद्यावर दोन पैलवान भिडले होते आणि काका सुरू झाले, "चेंबूरची सुजाता चढाईला. निळ्या चड्डीवाला मागे सरतोय, सरतोय, पाय बघ रे बाबा, पकड! उठला हो, निळ्या चड्डीवाला उठला. परत पडला. याला कोणीतरी पाणी द्या." पंखवाली मुलगी हसता हसता खाली बसली, पंखांसकट. पुढच्या वर्षापासून आयोजक काकांनाच बोलावू लागले.

स्पर्धा संपल्यावर ते म्हणाले, "टेम्पो घाटकोपरला जातोय, बस. चेंबूरला सोडतो तुला." स्वतःचं घाटकोपर ओलांडून ते मला चेंबूर नाक्यापर्यंत घेऊन गेले. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत उभी राहिले आणि मग मानखुर्दची बस पकडली. दुसऱ्या वर्षीही हेच. माझ्या खोट्यापायी हा माणूस वाट वाकडी करतो, याची लाज वाटायची, पण खरं बोलायची लाज त्याहून मोठी होती.

तिसऱ्या वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी मी हंडा घेऊन गल्लीतून निघाले, तर बुद्धविहारासमोर घाडीकाका शिडीवर चढून कर्णा बांधत होते. पळायला जागा नव्हती.

"काका," मी म्हणाले.

"आधी पाणी आण गो. घसो सुकलो."

मी घरातून तांब्याभर पाणी आणि पेला आणला. काका पेला ओठाला लावून पाणी प्यायले, त्यांनी आणखी मागितलं, तेही प्यायले. मग आमच्या गल्लीकडे, पत्र्यांकडे, दारात उभ्या माझ्या आईकडे पाहिलं.

"चेंबूराचा पाणी गोड आसा," म्हणाले, आणि परत शिडी चढले.

त्या वर्षी मी अंतिम सामन्यात पोचले. हॉल खच्चून भरलेला. स्टेजच्या पायरीशी काका नेहमीसारखे तळहात पसरून आले. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणणार?"

"तू सांगशील तेच. माइक माझा, नाव तुझं." पेनाचं टोक त्यांनी हातावर टेकवलं आणि वाट पाहत राहिले. मी मागच्या वर्षीसारखं 'चेंबूर' म्हणाले असते तर त्यांनी तेही लिहिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या रांगेत माझ्या कॉलेजची सात-आठ जणं बसली होती.

"सुजाता किसन खरात," मी म्हणाले. "मानखुर्द."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मग माइक उचलला.

"चढाईला येतेय सुजाता किसन खरात. मुक्काम मानखुर्द. मागे ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगतो. सुजाता किसन खरात, मानखुर्द."

मग अगदी शेवटच्या रांगेत एका हिरव्या राक्षसाने मुखवटा उतरवून हात वर केला. "अपुन भी मानखुर्द." त्याच्यामागून कुणी गोवंडी ओरडलं, कुणी वाकोला. टाळ्या थांबेनात. एवढा मोठा हॉल आणि त्यात वडिलांचं नाव घुमत होतं.

सामना मी एका फेरीने हरले. मैत्रिणीने मोबाइलवर निवेदन टिपलं होतं ते घरी ऐकवलं. वडिलांनी जेवता जेवता हात थांबवला. "परत लाव," म्हणाले. त्यांनी ते पाच वेळा ऐकलं. एरवी त्यांचं नाव फक्त मुकादम घ्यायचा, तेही अर्धं.

काका गेल्या वर्षी गेले. मी घाटकोपरला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, "तू कुठची गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हां, पाणी दिलंस ती."

यंदा कन्व्हेन्शनला माइक माझ्याकडे आला. मी बॉलपेन घेऊन रांगेतून फिरले. एका मुलीने फक्त पहिलं नाव सांगितलं, पुढे घाईघाईने म्हणाली, "पवई." तिने खाली पाहिलं. मी तळहातावर पवई लिहिलं आणि स्टेजवरून पवईच म्हटलं.

त्याआधी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रासाठी आयोजकांनी मला माहिती विचारली होती. मी लिहून दिली. सुजाता किसन खरात, बी.कॉम., घरातली पहिली पदवीधर, मानखुर्द.