सुंदराच्या पुस्तकाचा सिनेमा

धसईजवळच्या आमच्या पाड्यात उन्हाळ्यात सगळ्या बाया मिळून एकेका घरचे तांदळाचे पापड लाटतात. सुंदराचा पापड कधी गोल झाला नाही. शेवटी ताराबाईने फर्मान काढलं, "तू लाटू नको, तू आमाला वाचून दाखव." एखादी बाई कामाची नाही, हे पाड्याने इतक्या मानाने दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

एका उन्हाळ्यात तिने शहापूरच्या वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली. ड्रॅगन, बोलणारा डोंगर आणि जादूगाराची धीट नात. नातीवर सगळ्यांचा जीव जडला, जनाचा तर फारच. तिची पाचवीतली लेक चिमी आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती.

शेवटच्या प्रकरणात नात आगीच्या नदीत उडी घेते आणि मरते. सुंदराने जनाकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात डोकं घातलं आणि पोरीला सुखरूप पलीकडे नेलं. वर तिला वालाची आमटी आणि भातही जेवू घातला. कुणाला शंका आली नाही.

पाच वर्षांनी त्याच कादंबरीचा सिनेमा, हिंदी बोलणारा, शहापूरला लागला. बायांनी टेम्पो ठरवला, मलाही घेतलं. सुंदराचं आधी पोट दुखलं, मग दाढ. कुणी ऐकलं नाही. जनाच्या डोळ्यांसमोर ती पोर मरणार, या धास्तीने सुंदराला जेवण जाईना.

थेटरात बायांनी सुरुवातीपासून चुका काढल्या. ड्रॅगन लहान होता. डोंगर कमी बोलत होता. जादूगार इतका देखणा, की त्याचं घरात लक्ष असणं शक्य नव्हतं. मग पोरीने उडी घेतली आणि वर आलीच नाही.

"पोरीला मारायला ह्याला कुणी सांगितलं?" बाहेर आल्यावर ताराबाईने गैरहजर दिग्दर्शकाची सालटी काढली. त्याने पुस्तक धड वाचलेलं नाय, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

टेम्पोत जनाने सुंदराला हळूच विचारलं, "खरं सांग गो. पुस्तकात काय हाय?"

सुंदराला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "मरते," ती म्हणाली.

जना रडली नाही. समोर बसून मलाच रडू आलं, त्याचा रागही आला.

"तुझ्या गोष्टीतली जिती ठेव," जना म्हणाली. "औंदा पापडांना बसलीस का तिचं फुडचं सांग. आता दहावीत असंल ती."