आमच्या बाथरूमची खिडकी

घरमालक म्हणून माझ्याइतका कागदाचा पक्का माणूस आमच्या सोसायटीत दुसरा नाही, असं मी परवापरवापर्यंत मानत होतो. सगळी नोकरी सरकारी कचेरीत फायली लावण्यात गेली, त्याचा हा माज. बायको गेल्यावर डोंबिवलीच्या त्या घरात मला एकट्याला राहवेना. मुलगी परदेशात, तिचा ठाण्यातला वर्तकनगरचा फ्लॅट बंदच पडलेला, म्हणून मी तिथे राहायला आलो आणि डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं. पण दिलं ते रीतसर. अकरा महिन्यांचा करार नोंदवला, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली, सोसायटीचं पत्र घेतलं. आमच्याकडचे लोक नुसत्या ओळखीवर किल्ली देऊन टाकतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात. मी त्यांना हसायचो.

भाडेकरू चाळिशीची बाई. एकटी. कल्याणला एका लॅबमध्ये नोकरी करायची. एकटी बाई म्हणून सेक्रेटरींनी जरा नाक मुरडलं होतं. मी त्यांच्यासमोर सगळ्या कागदांची हिरवी फाइल उघडून ठेवली आणि त्यांनी पत्रावर सही केली. किल्ली देताना मी तिला दोन गोष्टी बजावल्या. एक, दर रविवारी सकाळी फोन करून घरात काही बिघडलंय का ते सांगायचं. दुसरी, बाथरूमची खिडकी उघडायची नाही.

त्या खिडकीची गोष्ट अशी. आमच्या भागात केमिकल कंपन्यांचा वास यायचा. थंडीत जास्त, कारण तेव्हा तो खाली बसून राहतो. कधी सडक्या फळांसारखा, कधी नुसताच घसा धरणारा. बाथरूमची खिडकी बरोबर त्याच दिशेला. वासाने माझ्या बायकोचं डोकं दुखायचं. मग आम्ही खिडकीच्या मापाची जाड प्लास्टिकची शीट कापून आणली, तिने ती काचेच्या पट्ट्यांवर बसवली आणि चारही बाजूंनी पॅकिंगची टेप मारली. दर दिवाळीच्या साफसफाईत ती जुनी टेप काढून नवी लावायची, कोपऱ्यांवर दोनदा. आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी तीन घरांत असंच होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आम्हा डोंबिवलीकरांना वास आला की खिडकी बंद करायची, एवढंच ठाऊक.

ती गेली त्याच्या आधीच्या दिवाळीतली टेप अजून तिथे होती. मी तिच्या साड्या वाटून टाकल्या, डबे वाटून टाकले. त्या टेपला मात्र हात लावू देणार नव्हतो. एका टोकाला तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसायचा. भाडेकरूला मी हे सांगितलं नाही. करारात ‘घरात कोणताही फेरबदल करू नये’ असं कलम होतं, तेवढं पुरेसं होतं.

आता रविवारच्या फोनबद्दल. मी एकटा होतो, हे इथे सरळ लिहून टाकतो. मुलीचा फोन तिच्या सवडीने यायचा आणि त्यात निम्मा वेळ औषधं घेतली का यात जायचा. खालचा वॉचमन सोडला तर आठवडाभर माझं कोणाशी बोलणं व्हायचं नाही. शनिवारी संध्याकाळीच मला बरं वाटायला लागायचं, कारण दुसऱ्या दिवशी फोन येणार. घरमालकाने घराची चौकशी केली पाहिजे, ही माझी जबाबदारीच आहे, असं मी स्वतःला समजावायचो. खरं तर नळ गळतोय की नाही याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. कोणीतरी माझ्या जुन्या घरातून बोलतंय, मागे आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येतोय, हे मला हवं असायचं.

थंडी सुरू झाली आणि एका रविवारी ती म्हणाली, “काका, हल्ली डोकं खूप दुखतं. सकाळी तर गरगरतंच.”

“कंपन्यांचा वास,” मी म्हटलं. “थंडीत येतोच. आमच्या हिलाही व्हायचं.”

“पण काका, मी ती बाथरूमची खिडकी जरा उघडू का? आतमध्ये फार कोंडल्यासारखं होतं.”

“अजिबात नको. उघडलीत तर वास दुप्पट येईल.”

वासाचं मी खरंच मानत होतो. पण आवाज चढला तो टेपसाठी. मला वाईट वाटलं, म्हणून सूर मऊ करून म्हटलं, “असं करा, रविवारी घाई नसते ना तुम्हाला? गरम पाण्याने निवांत आंघोळ करा, डोक्यावरून घ्या. मोकळं वाटेल.”

“बरं काका,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मी चहा दोनदा केला. आपण खिडकीवरून ओरडलो त्याचा तिला राग आला असणार, असं वाटलं आणि मीही रागावलो. फोन करणार नाही म्हणून बसलो. साडेअकराला फोन वाजला तो तिचा नव्हता, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा होता. बाथरूममधून कधीपासून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, बेल वाजवली तरी ती दार उघडेना. आमची एक किल्ली त्यांच्याकडे पहिल्यापासून असते. त्या आत गेल्या तर ती बाई बाथरूमच्या फरशीवर पडलेली, शुद्ध नाही. एकटी राहते म्हणून ती बाथरूमला कडी लावायची नाही, त्यामुळे दार तोडावं लागलं नाही.

मी रिक्षाने निघालो. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायला लाज वाटते. मला हिरवी फाइल आठवली. करार आहे, पोलिसांकडचा कागद आहे, सोसायटीचं पत्र आहे. कोणी विचारलं तर दाखवता येईल. ती जिवंत आहे का, हा प्रश्न त्याच्या नंतर आला.

हॉस्पिटलमध्ये तिला ऑक्सिजन लावला होता. डोळे उघडे होते. मला बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, “सॉरी काका, फोन राहिला.” त्या वाक्याने मी जो बाहेर बाकावर येऊन बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. डॉक्टरांनी विचारलं, “घरात गॅस गिझर आहे का?” मी हो म्हटलं. मीच हौसेने बसवला होता, लाइटचं बिल वाचावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गिझरवाल्या मेकॅनिकला घेऊन मी घरी गेलो. तो बाथरूममध्ये शिरला आणि गिझरकडे न बघता आधी खिडकीकडे बघत राहिला.

“काका, ही पॅक कोणी केलीय?”

“वास येतो म्हणून.”

“अहो, गॅस गिझर पेटला की हवा खातो, आणि जळलेला गॅस जायला वाट लागते. इथे सगळा आतच राहतो. त्याला वास पण नाही, माणसाला कळतच नाही. पहिलं डोकं दुखतं, गरगरतं, मग माणूस आडवा. गिझर खरं म्हणजे बाथरूमच्या आत लावायचाच नसतो. कोणी कधी चेक केला नाही?”

“नाही.”

“किती वर्षं आहे असं?”

मी हिशेब केला. गिझर बसवला त्याच थंडीत हिचं डोकं दुखायला लागलं होतं. ते दुखतं म्हणून खिडकी बंद केली. आणखी दुखायला लागलं म्हणून टेप दोनदा मारली. माझी आंघोळ दोन मिनिटांत उरकायची, म्हणून मला कधी जाणवलं नाही. “झाली बरीच,” मी म्हटलं.

टेप मीच काढली. तो मदतीला येत होता, मी त्याला नको म्हटलं. कोपऱ्यातली निघता निघेना, नखांनी खरवडून काढावी लागली. ठशाचा तुकडा वेगळा ठेवायचं मनात होतं, पण टेप ताणली जाऊन बोळा झाला. शीट निघाल्यावर बाहेरची हवा आत आली. कंपन्यांचा वास आला, अगदी नेहमीचा. गिझर उतरवून मी विजेचा बसवून घेतला, आणि बिल्डिंगमधल्या त्या तीन घरांची दारं स्वतः जाऊन वाजवली.

सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, “नशीब समजा. नाहीतर तुमच्यावर केस झाली असती.” ती बाई बरी झाली, पोलिसांत कोणी गेलं नाही. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. हिला जाऊन चार वर्षं होतायत. हृदय बंद पडून गेली, असं कागदावर लिहिलंय. ते खरंही असेल. मी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि कोणत्याही डॉक्टरला हे विचारायची माझी हिंमत नाही. मुलीलाही सांगितलेलं नाही.

भाडेकरू घर सोडून जाईल असं वाटलं होतं, पण ती राहिली. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी तिचा फोन आला.

“काका, घरात सगळं ठीक आहे. काही बिघडलेलं नाही.”

“आणि डोकं?”

“नाही हो दुखत आता. एकदासुद्धा नाही. तेव्हा तुम्ही सांगितलेलं ना गरम पाण्याने आंघोळ करा म्हणून, आता खरंच बरं वाटतं त्याने.”

ती हसली. मीही काहीतरी हसण्यासारखा आवाज काढला. मागे आमच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. बायकोचं डोकं दुखायला लागलं, की मी पेपरातून मान वर न करता हेच सांगायचो, जा, गरम पाण्याने निवांत आंघोळ कर. ती माझं ऐकायची. टॉवेल घेऊन जायची आणि दार लावून घ्यायची.