गाईच्या पायातले घड्याळ

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली आवरल्या. तरी कोणते प्रकरण अजून डोळ्यांपुढे उभे राहते असे कुणी विचारले, की मी एका हरवलेल्या गाईचे सांगतो. ऐकणारे हसतात. मी त्यांना हसू देतो.

सत्तरचे दशक संपून ऐंशीचे लागले होते. वर्धा जिल्ह्यात, जामपासून थोड्या अंतरावरच्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात एक तिशीची बाई आणि तिच्यामागे चाळिशीचा एक धट्टाकट्टा गडी आत आले. गडी तिचा थोरला दीर होता. आमच्या भागात त्याला भासरा म्हणतात, आणि सून त्याच्यासमोर मान वर करून बोलत नाही. बाईचा नवरा हिंगणघाटला गिरणीत होता, सुटीला घरी यायचा.

"साहेब, माही गाय गेली," बाई म्हणाली. "मी माहेरी गेलती. सकाळी एस्टीनं उतरली त कोठा रिकामा. वासरू हंबरून राह्यलं."

संकरित गाय, पहिलटकर, दोन महिन्यांपूर्वी व्यालेली. बाईने ती कालवडीपासून स्वतःच्या हाताने वाढवली होती. पुढचे सगळे भासऱ्यानेच सांगितले. गुरे रोज गायकी, म्हणजे गावचा गुराखी, चारायला नेत असे. काल संध्याकाळी बाकीची गुरे परतली, पण ही आली नाही.

"गायक्यानंच इकली साहेब. आज पहाटे मी त्याले जामच्या रोडवर पाह्यलं. जामले ट्रक थांबतेत, एका ट्रकात टाकली असंन."

जाम म्हणजे हमरस्त्याचा फाटा. तिथून गाय कुठल्या कुठे जाऊ शकत होती. मी फिर्याद नोंदवली आणि गायक्याला उचलून आणायला हवालदाराला पाठवले.

गायकी पन्नाशीचा, काटकुळा, खांद्यावर घोंगडी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्यामागे ठाण्यापर्यंत गावातले एक माणूसही आले नाही. तीस वर्षे ज्यांची गुरे त्याने चारली, त्यातले एकही नाही. तेव्हा मला ते त्याच्या विरुद्धच वाटले.

"गाय कुठे आहे?"

"म्या फाटकापाशी सोडली साहेब. रोजच्यासारखी. थे आपल्या पायानं आत जाते."

"मग पहाटे जामच्या रस्त्यावर काय करत होतास?"

"हुडकाले गेलतो. भासरेबुवानं सांजेले सांगतलं, गाय नाई आली म्हनून. मंग झोप कशी लागंन?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेचा अर्थ मला कळत होता, पण माझ्या ठाण्यात हात उचलायला परवानगी नव्हती. मी प्रश्न फिरवून फिरवून विचारले. उत्तर एकच येत होते. शेवटी त्यानेच मला विचारले, "साहेब, मले बसवलं त बसवलं. पन आज गुरं कोन नेली? त्यातली तांबडी गाभन हाय. तिले नाल्यात उतरू देऊ नका म्हना."

बिलंदर आहे, असे मी मनात म्हटले आणि त्याला बसवून ठेवले. अटक दाखवली नाही, पण त्या दिवशी घरीही जाऊ दिले नाही. हे नियमात बसत नव्हते आणि मला ते माहीत होते.

दुपारी जामचा माझा खबऱ्या आला. त्याची फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीमागच्या खड्ड्यात त्याला एक वस्तू सापडली होती. चामड्याची जाड पिशवी, तिला कापलेला पट्टा आणि आत काचेखाली आकडे असलेले एक यंत्र.

"साहेब, बॉम्ब त नाई ना?"

बॉम्ब नव्हता. बाईला बोलावून दाखवले, तिने पाहताक्षणी ओळखले. "हे त माह्या गाईच्या पायातलं घड्याळ!"

त्याचा खुलासा गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरने केला. तो तरुण होता आणि त्याचा एक अभ्यास चालू होता. माणसाची चाल मोजायचे यंत्र त्याने चांभाराकडून चामड्यात शिवून घेतले होते आणि गावातल्या सहा गाईंच्या पुढच्या पायाला बांधले होते. गाय माजावर आली की जास्त चालते आणि आजारी पडायच्या आधी तिची चाल मंदावते. पावले मोजली तर दोन्ही गोष्टी मालकाच्या आधी कळतात, असे त्याचे म्हणणे. रोज सकाळी गुरे सुटण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर तो सहाही घरी जाऊन आकडे वहीत उतरवत असे.

"काल संध्याकाळीही गेलो होतो," तो म्हणाला. "पाच गाई मोजल्या. हिच्या घरी गेलो तर दीर म्हणाले, गाय आलीच नाही."

मी वही मागवली. नोकरीत मी हजारो जबाब घेतले, पण इतका सरळ जबाब तेवढा एकच. त्याच कळपातल्या बाकीच्या पाच गाई त्या दिवशी सव्वातीन हजारांच्या आसपास चालल्या होत्या. हरवलेल्या गाईचा सकाळचा आकडा वहीत होता आणि शेवटचा माझ्या टेबलावर. वजाबाकी केली. तीन हजार नऊशे वीस.

डॉक्टर म्हणाला, "साहेब, ही दिवसभर कळपाबरोबरच होती. घरापर्यंत आली आणि त्यानंतर सुमारे सातशे पावले चालली. शंभर-दीडशे इकडे-तिकडे."

"आणि जामपर्यंत चालत नेली असती तर?"

"आणखी चार हजार तरी पडली असती."

मग यंत्र जामला पोहोचले कसे? कुणीतरी हातात धरून नेले असणार. पण नेताना आकडा वाढला नसेल का? डॉक्टरने सांगितले की यंत्र उभे असेल आणि जमिनीचा दणका बसेल तेव्हाच आकडा पुढे सरकतो. मी ते पिशवीत आडवे ठेवून शिपायाला सायकलवर दोन फेऱ्या मारायला लावले. आकडा होता तिथेच होता.

गायक्याकडे पाहायला मला त्या वेळी जड गेले. त्याने गाय फाटकाशी सोडली होती. तो पहिल्या शब्दापासून खरे बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी गावात गेलो. दुसऱ्या एका गाईच्या पायातले यंत्र तपासून घेतले आणि तिला बाईच्या फाटकासमोर उभी केली. हाकायला गायक्यालाच लावले, कारण त्याच्यामागे गाय नेहमीच्या चालीने चालते. अख्खे गाव मागे आले. भासरा तर सगळ्यांच्या पुढे.

फाटकापासून तीन वाटा फुटत होत्या. जामच्या वाटेने सातशे पावले मोजली. आजूबाजूला कपाशीची उघडी पऱ्हाटी, शेळीसुद्धा लपायची नाही. परत आलो. दुसऱ्या वाटेने पाचशे पावलांवरच नाला आला आणि पलीकडे काटेरी कुंपण. पुन्हा परत आलो. तिसऱ्या वाटेला लागलो, तसा मघापासून गप्प चालणारा भासरा बोलू लागला. आधी पऱ्हाटीबद्दल, मग उन्हाबद्दल. संशयित गप्प बसला की पोलीस सावध होतो, पण जास्त बोलू लागला की त्याहून सावध व्हावे.

"साहेब, इकडं काऊन? इकडं काही नाई. माहाच कोठा हाय फक्त."

"तुमचाच ना? मग चला की."

सहाशे ऐंशी पावलांवर गाय कोठ्याच्या दाराशी उभी राहिली. आत बैलजोडीची जागा होती आणि कोपऱ्यात तिसऱ्या जनावराचे वाळू लागलेले शेण. खुंट्याला निळे नायलॉनचे दावे लटकत होते, त्याला तीन गाठी. मी पंचांना आत बोलावले. तेवढ्यात गर्दीतून बाई पुढे आली. तिने दावे हातात घेतले, गाठी चाचपल्या आणि मान वर करून थेट भासऱ्याकडे पाहिले.

"भासरेबुवा, हे माह्या गाईचं दावं होय. ह्या गाठी म्या मारल्या."

मी एवढेच विचारले, "काल पहाटे तुम्ही गायक्याला जामच्या रस्त्यावर पाहिलेत. पण तुम्ही स्वतः तिथे कशाला गेला होता?"

हा प्रश्न मी पहिल्याच सकाळी विचारायला हवा होता.

तो खाली बसला. गाय त्याने आदल्या संध्याकाळीच साडूच्या मेटॅडोरमधून अल्लीपूरला पाठवली होती. पट्टा कापून यंत्र पहाटे जामला टाकून आला. विहिरीत टाकले असते तर आम्ही आजही गाय शोधत असतो. पण आमची दिशा त्यालाच ठरवून द्यायची होती.

"मले गाय नोती पाह्यजे साहेब," तो म्हणाला. "भाऊ घरी राह्यत नाई. तो डॉक्टर सकाळ-संध्याकाळ आंगनात येते. लोकं पारावर बोलून राह्यले. गाय गेली त त्याचं येनं बंद होईन, म्हनलं."

"आणि गायकी?"

गायक्याचा त्याने विचारच केला नव्हता.

पंचनामा झाला आणि दुपारी जीप घेऊन मी अल्लीपूरला गेलो. गाय हाती आली. कास सुजली होती, दूध निम्म्यावर आले होते. वासराला तिने हुंगले आणि लगेच पान्हा सोडला. हवालदारानेही तोंड फिरवून डोळे पुसले.

खटल्याच्या वेळी नातेवाईक तडजोडीसाठी बाईच्या मागे लागले. ती म्हणाली, "मी मागं घेतो. पन आंधी गायक्याच्या दारात जाऊन, चार लोकाइसमोर त्याची माफी मागा." भासऱ्याला जावे लागले. कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटले. डॉक्टरचे येणे मात्र थांबले नाही. फरक इतकाच झाला की बाई आकडे वाचायला शिकली आणि वही स्वतः लिहू लागली, त्यामुळे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येऊ लागला. तिची वही त्याच्यापेक्षा नेटकी असते, हे त्यानेच मला सांगितले.

या प्रकरणातून मी शिकलो ते साधे आहे. ज्याच्यामागे कुणी उभे नसते, त्याच्यावर संशय घेणे पोलिसाला सोपे जाते. आणि जो आपणहून माहिती घेऊन येतो, त्याला खुर्ची देण्याची आपल्याला सवय असते. पुढे प्रत्येक ठाण्यात मी नव्या फौजदारांना सांगत असे, बातमी देणाऱ्याला आधी विचारा, तू तिथे काय करत होतास. पावले मोजणारे यंत्र पुन्हा कधी माझ्या तपासात आले नाही, पण या एका प्रश्नाने मला किती प्रकरणांत वाट दाखवली याची मोजदाद नाही.

माझी बदली झाली त्या आठवड्यात गायकी गुरे घेऊन रस्त्यात भेटला. जीप पाहून तो कडेला झाला, पण मान लववली नाही. ते योग्यच होते. मी जीप थांबवली, खाली उतरलो आणि आधी मी रामराम केला.

मग काठी काखेत धरून त्याने दोन्ही हात जोडले.

"रामराम साहेब," तो म्हणाला. "गाडी जरा हळू न्याजा. तांबडीचं वासरू मागं राह्यलं."

शेवटचे वासरू रस्ता ओलांडेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.