रुमालाची गाठ

जेवून मी पुढच्या खोलीतल्या कॉटवर पडलोय. झोप अशी नाही. पंखा ऐकू येतो, शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो. संध्याकाळी वैजूच्या मेंदूचा एमआरआय आहे. शरीर स्वतःवरच उलटतं तो ल्युपस तिच्या आईला होता, तोच आता लेकीलाही निघालाय. हल्ली बोलता बोलता तिला शब्द सापडत नाहीत. "एकटी नाही जाणार मी, बाबा," सकाळी फोनवर म्हणाली. "मग जाऊ नकोस," मी म्हणालो. तिच्या आईच्या मेंदूचे किती फोटो काढले. दर वेळी नॉर्मल. नॉर्मल, नॉर्मल म्हणता बाई गेली.

शेजारचा कुकर शिट्टी देत नाही, ठकठक करायला लागतो. त्या एमआरआयच्या मशीनसारखा.

"उठा की. लोळताय काय?"

कुमुद आहे, माझी बायको. दवाखान्याच्या गाऊनमध्ये पायथ्याशी बसलीय आणि माझ्या रुमालाला गाठ मारतेय. आजारात तिला हीच सवय लागली होती. विसरायला नको म्हणून पदराला गाठ, टॉवेलला गाठ, पडद्यालासुद्धा.

"पुन्हा गाठी?" मी वैतागतो. "सोडून सोडून माझी नखं गेली."

"सोडायला मी सांगितलं होतं?"

"कशाची आहे ते तुला तरी आठवायचं का?"

"नाही. पण काहीतरी आहे एवढं आठवायचं."

मी चपला शोधतो. त्या स्कॅन सेंटरच्या बाकाखाली आहेत, कारण आम्ही त्याच बाकावर बसलोय. मंगळसूत्र काढायला लावलंय म्हणून कुमुदच्या गळ्यात काळा दोरा आहे. समोर दिव्यावर तिची फिल्म लावलीय. मी चष्मा पुसून बघतो. मेंदू नाहीच, आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी आहे. डबे ओळीने, झाकणं घट्ट.

"सगळं जागच्या जागी आहे," मी म्हणतो.

"डबे जागेवर आहेत. आत किडे पडलेत का ते दिसतंय?"

"मग कशाला नेऊ पोरीला?"

"डबा फुटला असेल तर दिसतो ना. डॉक्टर तेच समजावत होते, तुम्हाला बाहेर पडायची घाई. आणि नॉर्मल आलं म्हणून तुमच्या आक्कांनी गल्लीत पेढे वाटले. त्या दिवसापासून मी नाटकी ठरले. रिपोर्ट चांगला आहे, बाईलाच काम नको."

"मी तसं कधी म्हटलं नाही."

"तुम्ही पेढा खाल्लात."

मेल्यावरही हिचं तोंड तसंच आहे. तिला पाणी द्यावं म्हणून मी वळतो, तर मी स्वयंपाकघरात आहे. ओट्यावर कुमुद आडवी झालीय आणि ओटा तिला घेऊन हळूहळू भिंतीत सरकतोय.

"थांब," मी म्हणतो. "वैजूचंही नॉर्मल आलं तर?"

"तर पेढे आणू नका. डॉक्टरांना विचारा, मग हिला शब्द का सापडत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही."

"आणि काही निघालं तर?"

"तर तिच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असायला हवं."

"तू चल ना."

"मी कशी येणार? काहीतरीच तुमचं."

आता तिचे हात तेवढे भिंतीबाहेर आहेत. बोटं सुजलेली, तरी ती रुमालाची गाठ ओढून घट्ट करते.

"ही सोडू नका," आतून आवाज येतो.

ठकठक वाढते, वाढते, आणि शेजारच्यांचा कुकर शिट्टी देतो.

मी कॉटवर आहे. उन्हं दारापर्यंत आलीत. उशाखाली हात घालतो, रुमाल निघतो. एका कोपऱ्याला गाठ आहे. मी मारलेली नाही. वैजू गाठी मारत नाही. कुमुद गेल्यापासून हा रुमाल कितीदा धुतलाय, वाळत घातलाय.

सवयीने नख गाठीकडे जातं. मी हात मागे घेतो आणि फोन लावतो.

"वैजू, आवर. मी येतोय बरोबर."

"सकाळी तर नाही म्हणालात."

"सकाळचं सोड. येताना पेढेबिढे काही आणायचे नाहीत."

"पेढे कशाला आणायचे, बाबा?"

"तेच म्हणतोय मी," म्हणतो, आणि रुमाल गाठीसकट खिशात घालतो. ही कशाची आहे ते मला पक्कं आठवतंय.