चारशे केव्हीखालचे गणपतराव

आमच्या सबस्टेशनात जे घडतं त्यातलं निम्मं लॉगबुकात लिहिता येत नाही. ते चहाबरोबर साठत जातं, आणि आमच्याकडे चहा फार होतो! बहुतेक किस्स्यांत एका बाजूला मी, डिग्रीवाला नवा इंजिनिअर, आणि दुसऱ्या बाजूला लाइनचे जुने फोरमन गणपतराव. हरतो कोण, ते सांगायला नकोच.

*

पहिल्याच आठवड्यात दोनशे किलोमीटरची लाइन दुरुस्तीनंतर चालू केली. लोड अजून घेतला नव्हता. इथून सोडले चारशे केव्ही, म्हणजे चार लाख व्होल्ट, तर पलीकडून फोन, "साहेब, आमच्याकडं चारशे आठ!" मी उडालोच! वाटेत वाढले कसे? मीटर बदलायचं पत्रच लिहून टाकलं.

गणपतराव म्हणाले, "मोकळा बैल उधळतोच, सायब. गाडीला जुंपा, मंग बघा."

लोड आला आणि आकडा गुपचूप खाली! हे मी कॉलेजात शिकलो होतो, मार्कही चांगले होते. पत्र फाडलं.

*

कनेरगाव नाक्याकडचे एक मेंढपाळ तणतणत आले. "हिवाळ्यात तार वर व्हती, आता खाली येऊन राहिली. काहून?"

मी सविस्तर समजावलं. तार उन्हानं तापते, करंटनं तापते, मग लांबते आणि झोल पडतो.

"मंग दुपारची तिला सुट्टी द्या की!"

आम्ही खो खो हसलो. त्याच दुपारी वरून निरोप आला, उष्मा फार आहे, लोड कमी करा!

*

आखाडा बाळापूरकडच्या एका पुजारीबुवांच्या शेतावरून लाइन जाते. धुक्यात ती चरचरते म्हणून बुवा शांतीला बसणार होते. गणपतराव म्हणाले, "बसा, पण ऊन पडेस्तोर उठू नका."

ऊन पडलं, तारा सुकल्या, चरचर बंद! बुवांना आता पंचक्रोशीतून बोलावणी येतात.

*

एका संध्याकाळी पाहुणे साहेब आले. गणपतरावांनी लाइनखाली साधी ट्यूब उभी धरली. ना वायर, ना होल्डर, आणि पेटली की हो!

"बंद कशी करायची?" साहेबांनी विचारलं.

"आडवी धरा."

विझली! साहेब मग कितीतरी वेळ ट्यूब उभी-आडवी करत होते.

*

आणि वारंगा फाट्याजवळचा तो टॉवर! त्यावर दोन लाइनी. एक दुरुस्तीसाठी बंद करून घेतलेली, शेजारची चालू. शटडाउन संपायला तासच उरला होता. मी ओरडलो, "दोन्ही टोकांनी बंद आहे, मेलेली आहे. तिला जमिनीशी जोडायच्या अर्थिंगमध्ये वेळ घालवू नका, मीच चढतो!"

गणपतरावांनी माझं हेल्मेट उचललं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. हेल्मेटशिवाय चढायचं नाही हा नियम मीच भिंतीवर लावला होता!

"उठा!"

"न्हाई उठत. घरी लेकरू हाय तुमचं."

मी हेल्मेट खेचायला वाकलो. तेवढ्यात गणपतरावांनी आधीच वर पाठवलेल्या लाइनमननं लांब दांड्यानं अर्थिंगची तार त्या 'मेलेल्या' लाइनीला लावली.

फाडकन आवाज! निळी ठिणगी, भरदुपारी डोळे दिपवणारी!

शेजारच्या चालू लाइनीनं नुसत्या जवळिकीनं हिच्यातही वीज चढवली होती. मी तिथंच मातीत बसलो.

गणपतराव उठले. हेल्मेट धोतरानं पुसलं, माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा घट्ट केला.

"हं सायब, चढा आता."