चाखेमामांची जीभ

चाखेमामांना बसवत नव्हतं. गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझारा चालल्या होत्या आणि दावणीच्या गाई त्यांच्यामागे माना फिरवत होत्या. गव्हाणीत सकाळी घातलेली पेंड तशीच पडून होती. तपकिरी, भुसभुशीत, जरा उग्र वासाची.

"बाबा, आधी एका जागी उभे राहा बघू," मुलगी म्हणाली. "तुमच्यामुळे त्यांनाही घोर लागलाय."

"मला लागलाय तो त्यांच्यामुळे," असं म्हणून मामा पुन्हा चालू लागले.

मामांचं खरं नाव विचारलंत, तर शेजारीपाजारी डोकं खाजवतील. उभा जन्म त्यांनी गाईंना दाणा घातला, आणि घालण्याआधी प्रत्येक पोत्यातली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली. पेंड खवट असो, बुरसट असो, मामांच्या जिभेपुढे तिची डाळ शिजत नसे. चव पसंत पडली की टाळूला जीभ लावून ते खणखणीत 'टक्' वाजवत. अहाहा! नाटकाची तिसरी घंटाच ती! टक् झालं की थोरली मान खाली घाली, आणि थोरलीमागोमाग सगळी रांग. थोरली म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत जुनी गाय. काळीभोर, एक शिंग वाकडं, आणि रुबाब असा, की तिच्याआधी पाण्याला तोंड लावायची कुणाची छाती नव्हती.

पण नेहमीची सोयापेंड मिळेनाशी झाली. गोठ्याचा कारभार आता मुलीकडे होता. तिनं शोधाशोध करून नवी पेंड आणली, माशीच्या अळ्यांची. टाकाऊ भाजीपाल्यावर वाढवलेल्या अळ्या वाळवायच्या, तेल काढायचं आणि दळायच्या. प्रथिनं भरपूर. गुरांच्या डॉक्टरांनी दाण्यात थोडी थोडी मिसळून बघा म्हणून सांगितलं होतं.

"अळ्या?" मामा तेव्हा कडाडले होते. "अगं, गाय काय कोंबडी आहे?"

"बाबा, पीठ आहे ते. वळवळत नाहीये."

"माझ्या पोटात वळवळतंय!"

तेव्हापासून गाई वैरण खात, पण दाण्यापाशी आल्या की थबकत. दूध उतरायला लागलं. आणि आज सकाळी मुलीनं डोळे चुकवत सांगून टाकलं, "थोरली खात नाही म्हणून बाकीच्या खात नाहीत. संध्याकाळीही तिनं तोंड लावलं नाही, तर उद्या तिला दुसऱ्या कुणाकडे नेऊन द्यावं लागेल. सगळा गोठा उपाशी नाही ना ठेवता येत."

मामांना तिचं खोटं म्हणता येईना. दुपारी ताटावर बसले आणि भातात नुसती चित्रं काढून उठले. खिडकीतून गोठा दिसे. थोरली दिसे. ती दाण्याकडे नव्हे, खिडकीकडेच बघत होती.

"अहो," त्यांची बायको ताट उचलत म्हणाली, "ती पेंडीवर नाही रुसलेली. तुमची वाट बघतेय. या पेंडीला तुम्ही टक् केलंत कधी?"

मामा जागच्या जागी थिजले. नव्या पेंडीची चिमूट त्यांनी जिभेवर ठेवलीच नव्हती! नाक मुरडून टोपली ओतायची आणि पाठ फिरवायची, एवढंच चाललं होतं.

"हात्तिच्या!" मुलगी हसायलाच लागली. "मग वाजवा ना! नुसतंच वाजवा. तिला काय कळतंय?"

मामांची जीभ टाळूला लागलीसुद्धा. पण समोर खिडकीत ते वाकडं शिंग होतं.

"न चाखता?" ते पुटपुटले. "आजवर तिच्याशी खोटं बोललो नाही गं."

संध्याकाळ होईपर्यंत मामांनी टोपल्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या, अंगणात विनाकारण फेऱ्या घातल्या. मग दाण्याची वेळ झाली. बायकोनं पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला आणि पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की काळजी, कोण जाणे. मामांनी चिमूट उचलली, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवली.

आधी माती. मग करपलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी. शेवटी किंचित कडू. मामा चघळत राहिले. थोरलीचे कान ताठ झाले.

"बाबा?"

"थांब. ठरवू दे मला."

मामांनी चिमूट गिळली.

"वाईट नाही," ते म्हणाले. "मीठ मात्र कमी आहे."

मुलगी धावतच गेली आणि गुरांचं मीठ घेऊन आली. मामांनी ते कालवलं, पुन्हा चिमूट घेतली.

टक्!

थोरलीनं एकदा हुंगलं, फुरफुरली, आणि मान खाली घातली. तिच्यामागोमाग सगळी रांग वाकली.

"आज तुमचं ताट लांब वाढते हं," बायको म्हणाली. "अळ्या खाऊन आलायत!"

पण मामांचं लक्ष कुठे होतं! त्यांच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या होत्या. "खाल्लं खरं... पण सकाळच्या दुधाला काय चव येतेय कुणास ठाऊक! वास तर लागणार नाही? पहिला पेला मला हं, कुणी तोंड लावू नका!"

बाकीच्या गाईंनी त्यांच्यामागे माना फिरवल्या. थोरलीनं मात्र गव्हाणीतून तोंड काढलं नाही.