उलांडीकडची कूस

सरकार आपणहून काही द्यायला आलं की तेकाई आधी त्यामागे कोण उभं आहे ते पाही. अबाइयांग बेटावर बेकार पोरापोरींसाठी होडीबांधणीचा वर्ग निघाला आणि शिकवायला त्यालाच बोलावणं आलं, तेव्हा त्याने तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी हो म्हणाला. नाहीतर उत्तरेकडच्या घराण्यातला कुणीतरी गेला असता, आणि त्यांच्या होड्या त्याला बघवत नसत.

वर्ग चालवायला राजधानी तारावाहून इओतेबा नावाचा तरुण अधिकारी आला होता. पायात बूट, हातात वही. तेकाई फळीवरून हात फिरवी, इओतेबा लिही. तेकाई खोकला तरी लिही.

"एवढं काय लिहितोस रे?"

"काका, उद्या तुम्ही नसलात तरी विद्या राहायला हवी ना."

"मी कुठे चाललोय?"

त्या दिवसापासून तेकाईने वहीवर नजर ठेवली.

त्याच्या घराण्यात होडीचं माप एका पिढीत एकालाच मिळे, तेही ओहोटीच्या वेळी, ऐकायला फक्त खेकडे असतील अशा जागी. परक्याला शिकवायचं ते सगळं, फक्त एक गोष्ट राखून. याला कुणी लबाडी म्हणत नसे; समोरचाही तेच करी. तेकाईने राखून ठेवली होती ती उलांडीकडची कूस, म्हणजे तोल राखायला होडीच्या एका अंगाला बांधतात त्या लाकडाकडची बाजू. दुसरी बाजू चपटी, ही फुगीर; त्यामुळेच उलांडीच्या ओढीने होडी वळत नसे. किती फुगीर, ते थोरल्या मुलासाठी, उरिआमसाठी. उरिआम चार वर्षं ऑस्ट्रेलियात मांस कापत होता. तिथे त्याला पहिल्याच दिवशी सगळं शिकवलं म्हणे, काहीही राखलं नाही. तेकाईला हेही संशयास्पद वाटे.

वर्गात बारा जण, त्यात त्याची धाकटी मुलगी बेरेनाता. शुक्रवारी परीक्षक विमानाने येणार, वर्गाने बांधलेली होडी खाजणातून पलीकडे न्यायची, आणि पास होतील त्यांना तारावावरच्या बेतिओतल्या होडी-कारखान्यात काम. बेटावर दुसरं काम नव्हतंच.

सोमवारी होडी पाण्यात घातली. ती उलांडीकडे वळली. सरळ केली, पुन्हा वळली. बाराही जणांनी तेकाईकडे पाहिलं. तेकाईने आभाळाकडे पाहिलं.

संध्याकाळी बेरेनाताने त्याच्यापुढे मासळी ठेवली आणि समोर बसली.

"बाबा, आमची होडी शेपटी धरायला निघालेल्या कुत्र्यासारखी फिरते."

"वल्हं नीट धरलं नसेल कुणी."

"मी धरलं होतं."

तेकाई जेवत राहिला.

"तुमची जुनी होडी मी दोरीने मोजलीय. दोन्ही कुशी."

घास थांबला. "कधी?"

"बारा वर्षांची असताना. तुम्ही उरिआमसाठी ओहोटी शोधत होतात तेव्हा."

"कुणाला बोललीस?"

"बोलले असते तर होडी सरळ नसती गेली?"

"मग बोलायचं होतंस."

"माप तुमचं. मी परस्पर वाटलं तर चोरी. नाही वाटलं तर बाराही नापास, त्यात मीपण."

तेकाईने हात धुतले. "त्या वहीवाल्याला कळलंय?"

"त्यानेही मोजली. पण उलांडी सोडवून ठेवली होती तेव्हा. कुठली बाजू कुठली, ते विचारायचं राहून गेलं."

तेकाई हसण्याच्या अगदी जवळ आला.

सकाळी त्याने इओतेबाला उत्तरेच्या गावांत काथ्याची प्रत तपासायला धाडलं. लेखी अहवाल हवा म्हटल्यावर इओतेबा बूट घालून निघालाच. मग फळ्या शिवलेला काथ्या सोडवला. तेकाईने बारा जणांचे तळवे एकेक करून आपल्या जुन्या होडीच्या कुशीवर दाबून धरले.

"लिहायचं नाही. हाताला विचारा."

तीन दिवस फळ्या तासल्या, पुन्हा शिवल्या. शुक्रवारी होडी सरळ गेली. नऊ जण पास झाले. तिघांना लेखी पेपरने बुडवलं.

"काका, नेमकं काय बदललंत?" इओतेबाने विचारलं.

"वारा."

इओतेबाने तेही लिहून घेतलं.

बेरेनाता बेतिओला निघाली तेव्हा तेकाई बोटीपर्यंत गेला. "कारखान्यात विचारतील तुला," तो हळूच म्हणाला. "सगळं सांगणार?"

बेरेनाताने आधी मागे कोण उभं आहे ते पाहिलं.

"माणसं बघेन," ती म्हणाली, "मग ठरवेन."